येलदरीहून आणलेले दोन गुण

दहावीच्या सुमनला सहामाहीत मी विज्ञानाच्या दोन गुणांच्या एका प्रश्नात भोपळा दिला आणि ती नेमकी दोन गुणांनी नापास झाली. नापासांचे बोर्डाचे फॉर्म आमचे मुख्याध्यापक पाठवत नाहीत. प्रश्न होता, उपग्रह खाली का पडत नाही? साऱ्या वर्गाने मी शिकवलं तसं लिहिलं : एवढ्या उंचीवर गुरुत्वाकर्षण नसतं. सुमनने लिहिलं, ‘असतं. उपग्रह पडतच असतो.’ तिचे वडील पूर्णेला रेल्वेत. त्यांनी आणलेल्या वर्तमानपत्रात तिने वाचलेलं. ‘फॉर्म गेला न्हाई तर शाळा बंद,’ असं ते मला सांगून गेले होते.

फॉर्म सोमवारी जाणार होते. रविवारी मारुतीला प्रदक्षिणा घातली आणि आपणच बरोबर आहोत याची खात्री करून घ्यायला येलदरीला निघालो. धरणाच्या वीजघरात एक इंजिनिअर ओळखीचे होते.

मानवतहून परभणी, परभणीहून जिंतूर, तिथे गाडी बदलून येलदरी. सकाळी जाणार असाल तर उजव्या खिडकीशी बसू नका, जिंतूरपर्यंत ऊन तोंडावर येतं. भाकरी बरोबर न्या. जिंतूरच्या स्टँडवर भजी गरम मिळतात, पण कढईतून निघेपर्यंत गाडी सुटते.

शेजारी मानवतचे एक कापसाचे व्यापारी होते. मी मास्तर आहे हे कळल्यावर म्हणाले, “चंद्रावर समदं हलकं होतंय म्हणं?”

“स्प्रिंगच्या ताणकाट्यावर सहावा हिस्सा भरतं.”

“मंग कापूस तिथं घ्यावा आन् हितं इकावा की!”

“तागडीत तोलला तर वजनंही तेवढीच हलकी होतात. क्विंटलचा क्विंटलच. वस्तुमान बदलत नाही.”

“मंग जायाचं कशाला? गाडीभाडं अंगावर!”

सगळी गाडी हसली. मीही खुशीत होतो. चंद्रावर ओढ आहे आणि त्याहून कितीतरी जवळच्या उपग्रहापाशी नाही, हे आपण एकाच तोंडाने शिकवतो, हे काही ध्यानात आलं नाही.

वीजघरात इंजिनिअरसाहेबांनी माझं उत्तर ऐकून घेतलं आणि विचारलं, “वर ओढ नाही, तर चंद्राला कुणी धरून ठेवलंय?”

‘देवाने’ ओठावर आलं होतं. पण ते त्यांनी विचारलं नव्हतं.

धरणाच्या भिंतीवर नेऊन त्यांनी एक दगड पाण्यात सोडला, दुसरा फेकला. तो जवळच पडला. मला राहवलं नाही. लहानपणी ज्वारीची पाखरं हाकलली आहेत मी. उपरण्याची गोफण केली आणि दगड पार लांब घातला.

“वा! पण पडलाच ना? याहून जोरात मारा, आणखी लांब पडेल. इतक्या जोरात मारा, की तो जेवढा खाली येतो तेवढी पृथ्वीची गोलाई त्याच्याखालून वळत जाते. मग?”

“पडतच राहील,” मी म्हणालो. “टेकणार नाही.”

माझ्याविरुद्धचा पुरावा मीच गोफणीने फेकला होता. शेवटच्या गाडीने परतलो.

सोमवारी मुख्याध्यापकांपुढे सुमनचा पेपर ठेवला. ते म्हणाले, “ही बरोबर, तर बाकी सगळे चूक. त्यांचे कापणार?”

“त्यांनी लिहिलंय ते उत्तर माझं आहे.”

“लय उशिरा सांगायलात गुरुजी,” म्हणत त्यांनी सुमनच्या फॉर्मवर सही केली.

वर्गात चूक कबूल केली, नवं उत्तर फळ्यावर लिहिलं. सगळ्यांनी तेही तितक्याच विश्वासाने उतरवून घेतलं.

सुमनचा हात वर होता.