अंगठ्याची शाई

शिक्क्याच्या शाईचा वास आला की माझा अंगठा अजून मुठीत जातो. खाडीवर पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या बाळंतपणाला मला होडीतून पलीकडच्या इस्पितळात नेलं. लुगडं खाऱ्या पाण्याने ओलं, कळा चालू, तेवढ्यात नर्सने कागद आणि शाईची डबी आणली. मी चौथी शिकलेली. कागद ओढून वाचला, तर मूल बंद करायचं ऑपरेशन. "बाय, मना नको," मी म्हटलं. "तुझ्या नवऱ्याने हो म्हटलंय, तू गप पड," म्हणत तिने मांडीवर फाडकन मारलं. "मना सही येते, आनि मी ती करनार नाय." आया हसली, "मास्तरीण आली बघा!" आणि माझ्या दंडावर गुडघा रोवून तिने एकेक बोट मागे वाकवत मूठ उघडली. मी तिच्या मनगटाला रक्त येईस्तोवर चावले. तरी अंगठा उमटलाच. मुलगी झाली, ती शेवटची. परवा वाशीला नातीच्या बाळंतपणात नर्सने कागद आणि पेन नातजावयापुढे धरलं. मी दोन्ही हिसकावलं, कागद नातीच्या हातात दिला, "आदी वाच," म्हटलं, आणि तिचं वाचून होईस्तोवर पेन मुठीतून सोडलं नाही.