सोपानरावांचा नारळ आणि चंद्रावरचा खळगा

सोपानराव म्हणजे महाळुंग्यातले पाणाडे. कंपन्यांच्या शेडमधून उरलेल्या रानात तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचं आणि तो उभा राहिला की "हितं बोअर घ्या" म्हणायचं, एवढीच यांची विद्या. बोअर कोरडं गेलं तरी गडी मान खाली घालायचा नाही. "पाणी हाय, पण खोल हाय," म्हणून चालू पडायचा. सोजरबाईच्या परसात तर दोनदा नुसती धूळ उडाली, तरी यांचं तेच पालुपद.

त्यांच्या लेकीला, योगिनीला, या सोंगाचा मनस्वी तिटकारा होता. ती पुण्यात एका संस्थेत रडारनं काढलेली चंद्राची चित्रं तपासायची. जिथं हवा नाही, ऊन कधी पोचत नाही, अशा खळग्यांवर यानातून लहरी सोडायच्या आणि परत येणारा पडसाद बघायचा. बर्फ असला तर खळगा उजळ दिसतो. पण फुटक्या दगडांचा ढीग असला तरी तसाच दिसतो मेला. म्हणून खात्री होईस्तोवर ती बर्फाचं नाव काढायची नाही. "तुमच्यासारख्या थापा नाही चालत तिथं, आबा," असं बापाला तोंडावर ऐकवायची.

एक खळगा उजळ निघाल्याचं ती घरी सहज बोलली, आणि आबांनी चौकात फ्लेक्स लावला. चंद्रावर पाणी शोधणाऱ्या कन्येचा जाहीर सत्कार म्हणे. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, दुसरं काय.

योगिनी भडकली. "मी माइकवर सांगणार, अजून काही नक्की नाही म्हणून."

"सांग की," आबा म्हणाले. "सोजरबाईच्या बोअरपासनं मला कुणी बलावत न्हाई. तुझ्या नावानं तरी बलावतील, म्हटलं."

सत्काराला तिच्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला. सरपंच भिवानं माइक पुढं केला. "ताई, पाणी हाय का न्हाई, तेवढं सांगा."

पुढच्या रांगेत सोजरबाई तोंडाला पदर लावून हसत होती. आबांनी मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदाच.

"आहे," योगिनी म्हणाली. "पण खोल आहे."

टाळ्या पडल्या. योगिनीला स्वतःचीच शिसारी आली. आबा उठून जवळ आले, तिच्या हातातला नारळ त्यांनी तळहातावर नीट आडवा केला.

"असा धरायचा," ते हळूच म्हणाले.