उजव्या अंगानं झिजलेलं टायर

मी पाइप विकणारा माणूस आहे. पाण्याला दाब असेल तर ते वर चढतं, नसेल तर चढत नाही — जगाबद्दल माझा एवढाच अभ्यास. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी जेवण झाल्यावर डोळा लागेपर्यंत वाचतो, आणि दोन-तीन जणांच्या पोस्टखाली "अपचन झालं असेल" अशी कॉमेंटसुद्धा टाकलेली आहे. आता माझ्या खाली तुम्ही टाका. माझी हरकत नाही.

राहणार बसवकल्याण, जिल्हा बीदर. मुलगी लग्न होऊन सासरी गेली आणि घर मोकळं झालं, तेव्हा पन्नाशीच्या तोंडावर मी लांब पल्ल्याची मोठी मोटारसायकल घेतली. तिची टाकी अशा उंचीवर आहे की माझं पोट तिच्यावर अलगद टेकतं. बाकी काही नाही तरी पोटाला विश्रांती मिळते. माझ्या बायकोनं — महादेवी तिचं नाव — गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "ह्याच्यावर चढायला शिडी बी देतेत का संगं?" ती त्या गाडीवर कधी बसली नाही. मात्र एक ठरलं होतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली की दोघांनी बदामी, हंपी करत गोकर्णापर्यंत जायचं. तोवर ती पंजाबी ड्रेस शिवून घेणार, आणि पुरुषांसारखं दोन्हीकडं पाय टाकून बसायचं शिकणार. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं कुठं लांब गेलोच नव्हतो. दर वर्षी काहीतरी निघायचं... यंदा मात्र नक्की, असं मी शब्द देऊन बसलो होतो.

त्यासाठी टायर बदलायला म्हणून खाजाभाईच्या दुकानात गेलो. महादेवी मुद्दाम सोबत आली. मागं मी बसणार तर टायर मीच बघणार, असं तिचं म्हणणं.

मी तयारी करून गेलो होतो. कडक रबराचं टायर जास्त टिकतं पण ओल्या रस्त्यावर घसरतं, मऊ रबर रस्ता धरतं पण लवकर झिजतं, मधे कडक नि कडेला मऊ असं मिळालं तर उत्तम — हे सगळं मी इंटरनेटवर वाचून पाठ केलं होतं. खाजाभाईनं मला बोलूच दिलं नाही. मागचं चाक हातानं फिरवत तो म्हणाला, "अण्णा, पीछे बाई बैठते क्या रोज? एक बाजू पाँव डाल के?"

मी हसलो. महादेवी हसली नाही.

खाजाभाईनं बोट लावून दाखवलं. टायरची उजवी बाजू गुळगुळीत, नक्षी संपलेली. डाव्या कडेला नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केससुद्धा जागच्या जागी. "रस्त्याच्या उतारानं सगळ्यांचंच उजव्या बाजूनं जरा जास्त जातंय. पन इतकं न्हाई. बाई डाव्या अंगाला बसली की वजन डावीकडं ओढतंय, मग तुमे गाडी दाएं को झुका के चलाते. रोज झुकवलं की असं होतंय." एवढं बोलून त्यानं भोळेपणानं विचारलं, "भाभी, आपका वजन तो ज्यादा नै दिखता?"

घरी आल्यावर एकच वाक्य — "कोन हाय ती?"

मी दर आठवड्याला माल आणायला कलबुर्गीला जातो. एकटा. हे मी तिला किती परीनं सांगितलं. मी आरशातही दाखवलं स्वतःला — या रूपाच्या मागं कोण येऊन बसणार? ती म्हणाली, "मी बसले न्हाई का बोहल्यावर?" पंजाबी ड्रेसचं कापड शिंप्याकडून परत आलं. हंपी, गोकर्ण — विषय बंद.

मग तिनंच मार्ग काढला. नवं कडक रबराचं टायर बसवून आणलं तेव्हा रीतीप्रमाणे पूजा केली, लिंबू ठेवलं. आमच्यात नव्या टायरवर विभूतीची तीन बोटं ओढतात. हिनं ती ओली करून मागच्या टायरच्या दोन्ही कडांना जाडच्या जाड लावली आणि वाळू दिली. म्हणाली, "जाताना जागोजागी थांबून मोबाइलवर टायर दाखवायचं. गाडी वाकडी झाली की विभूती पुसंल. कुठनं बसती ते कळंलच."

भर दुपारी हायवेच्या कडेला उकिडवा बसून टायरला मोबाइल दाखवणारा जाड माणूस — हुमनाबादच्या पुढं एका पानटपरीवाल्यानं विचारलंच, "काय ओ अण्णा, टायरचं दर्शन द्यायलाव का कुनाला?"

हुमनाबादला दोन्ही कडा शाबूत. कमलापूरला उजवी कड साफ.

म्हणजे जे काही होतं ते या दोन गावांच्या मधे होतं. पुढच्या खेपेला आणखी जवळजवळ थांबलो. मधे एक फाटा लागतो. गावाचं नाव लिहीत नाही, उगाच त्यांच्या पोरींच्या सोयरिकीत अडथळा नको. फाट्यावर जुना बस थांबा आहे, पत्रा उडालेला. तिथं आता बस थांबत नाही, पण गतिरोधक मात्र आहे, त्यामुळं मी तिथं नेहमीच गाडी अगदी हळू करतो. त्या दिवशी गतिरोधकाच्या अलीकडं थांबलो आणि व्हिडिओ कॉल लावला. टायर दाखवलं — दोन्ही कडा पांढऱ्या. रिकामा बस थांबा दाखवला. रिकामी सीट दाखवली. महादेवी म्हणाली, "तसंच चालू ठेवा." मोबाइल शर्टाच्या खिशात सरळ उभा ठेवला आणि निघालो. रस्ता सरळ, वारा नाही. मला स्वतःला काहीसुद्धा जाणवलं नाही. तुम्ही लोक लिहिता तसा गारवा, वास... काही नाही. थोडं पुढं जाऊन थांबलो आणि टायरला मोबाइल धरला.

उजवी कड ओल्या फडक्यानं पुसल्यासारखी काळी. डावी पांढरी.

मोबाइलमधून ती हळू म्हणाली, "घरी या."

घरी गेलो तर ताट वाढलेलं. कितीतरी दिवसांनी तिनं समोर बसून वाढलं. आमटी वाढता वाढता म्हणाली, "जिवंत न्हाई ना पन?"

"तूच बघितलीस की. सीट मोकळी होती."

"मग बसू दे," ती म्हणाली. "कुठंतरी जायचं असंल बिचारीला."

माझा चेहरा बघून ती हसायला लागली. मला आतापर्यंत भीती वाटली नव्हती, ती तेव्हा वाटली. हिला नाही.

फाट्यावर मी चौकशी केली. कोणी अपघातात गेलंय का, कुणी बाई तिथं बसची वाट बघायची का. चहावाल्यानं आठवून आठवून सांगितलं, "इथं कधी काहीच झालं न्हाई ओ. झालं असतं तर बस तरी थांबली असती." म्हणजे गोष्टीला लागणारा मागचा भाग माझ्याकडं नाही. क्षमस्व.

कापड पुन्हा शिंप्याकडं गेलं. निघायच्या वेळेपर्यंत ते टायरही उजवीकडून अर्धं उतरलं होतं, म्हणून परत खाजाभाईकडं. या वेळी मी मधे कडक, कडेला मऊ असं टायर निवडलं. महादेवीनं मधेच विचारलं, "वजन किती पेलतंय ते बघून द्या, खाजाभाई. दोघींचं धरा." खाजाभाईनं माझ्याकडं पाहिलं. मी हवेचा दाब तपासत असल्याचं दाखवलं.

टूरला निघालो तेव्हा ती मागं दोन्हीकडं पाय टाकून ऐटीत बसली होती. फाटा आला. मी सवयीनं हळू केलं. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या रिकाम्या बस थांब्याकडं बघत सांगितलं, "आज जागा न्हाई अक्का. आम्ही दोघं जायलाव. पुन्ना कवातरी." अगदी भरलेल्या रिक्षापाशी आलेल्या बाईला सांगावं तसं.

बदामी झाली, हंपी झाली, गोकर्णाला तिनं समुद्रात पाय घातले. छान झालं सगळं. परत आलो आणि मी पुन्हा एकटा कलबुर्गीला जायला लागलो. विभूती लावून पाहिली. दोन्ही कडा पांढऱ्याच राहिल्या. फाट्याच्या पुढंसुद्धा. आज ते टायर मधोमध झिजतंय, उजवीकडं रस्त्याच्या उताराइतकं जरासं. सगळ्यांचं झिजतं तसं. खाजाभाई म्हणाला, "अब बराबर है अण्णा." मी हो म्हटलं.

मी समजून घ्यायचा प्रयत्न केला. रस्ता, उतार, शॉकअब्सॉर्बर, माझं स्वतःचं वजन... एक लागू पडलं की दुसरं पडत नाही. आता सोडून दिलंय.

महादेवीनं मात्र सोडलेलं नाही. टायर सारखं झिजायला लागलंय म्हटल्यावर तिचा चेहरा पडला होता. "मी तसं तोंडावर न्हाई म्हनाया नको होतं," एवढंच म्हणाली. तेव्हापासून मी कलबुर्गीला निघालो की डबा देताना सांगते, फाट्यावर जरा थांबत जावा. संध्याकाळी आलो की पहिला प्रश्न तोच.

परवाही विचारलं, "थांबला होताव का?"

"थांबलो की."

"गाडी चालू ठेवून का बंद करून?"

"चालूच होती. कामून?"

"बंद करत जावा," ती म्हणाली. "चालू ठेवली की मानसाला वाटतंय, ह्यो घाईत हाय."

आता मी बंद करतो.