न पुकारलेलं युद्ध

आखातात अमेरिकेचे हल्ले सुरू झाले त्या आठवड्यात लंडनमधल्या आमच्या न्यूजरूममध्ये ठरलं की 'युद्ध' हा शब्द मथळ्यात घ्यायचा नाही. अमेरिकी काँग्रेसनं युद्ध पुकारलेलं नव्हतं. म्हणून 'हल्ले', 'संघर्ष', फार तर 'लष्करी कारवाई'. इतरांच्या कॉपीतून, म्हणजे त्यांनी लिहिलेल्या बातम्यांतून, तो शब्द काढणं माझ्याकडे होतं.

त्याच सुमारास साउथहॅम्प्टनहून भाचीचा फोन आला. ती तिथल्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ आहे. नवरा तेलवाहू जहाजावर इंजिनिअर. त्याची सुट्टी संपत आली होती आणि त्याला आखातात रुजू व्हायचं होतं. त्याला थांबवता येईल का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

"मामा, यूएसनं फॉर्मली वॉर डिक्लेअर केलंय का?"

नाही, म्हणालो. का विचारतेस, तेही विचारलं. जहाजावर भरती करणाऱ्या एजंटनं नवऱ्याला सांगितलं होतं की युद्ध जाहीर झालं असेल तरच करारानुसार नकार देता येतो. तसं नसताना नकार दिला, तर पुढचं जहाज विसरायचं.

मग तिला सगळं सांगितलं. अमेरिकेनं शेवटची औपचारिक घोषणा १९४२ साली केली, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. कोरियात सैन्य गेलं त्याला पोलीस कारवाई म्हटलं गेलं. व्हिएतनामसाठी काँग्रेसचा ठराव होता, इराकसाठी परवानगी. माणसं तिन्हीकडे मेली. घोषणेची वाट बघण्यात अर्थ नाही, खलाशांच्या युनियनला विचारा, असं मी म्हणालो.

फोन स्पीकरवर होता. तिचा नवरा मागून बोलला, "म्हणजे मामा, माझे बाबा जन्मले नव्हते तेव्हापासून तुमची ती काँग्रेस झोपलीय. माझ्यासाठी कशाला उठेल?"

"तू गप्प बस," ती म्हणाली.

युनियनकडे त्यानं विचारणा केली. उत्तर यायच्या आत विमानाचं तिकीट आलं. आपण नाही गेलो तर दुसऱ्या कुणाला तरी खाली इंजिनरूममध्ये उतरवतील, असं तो म्हणाला आणि गेला. ती त्याला हीथ्रोपर्यंत सोडायला गेली होती. परतताना माझ्याकडे वेम्बलीला आली, चहा घेतला आणि गाडी पकडली.

काही आठवड्यांनी एका दुपारी वृत्तसंस्थेची बातमी आली. आखातात तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र, इंजिनरूममधलं कुणीही वाचलं नाही. दुसऱ्या ओळीत जहाजाचं नाव होतं. त्याचंच जहाज.

घरच्यांना कळल्याशिवाय मृतांची नावं द्यायची नाहीत, हा आमच्या धंद्याचा जुना रिवाज. नावं बातमीत नव्हतीच. कॉपी शेजारच्या टेबलावर देऊन मी जिन्यात गेलो आणि तिला फोन लावला. ती नुकतीच ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आली होती.

"मामा? तुम्ही या वेळी?" मग लगेच, "मला कंपनीचा काही फोन नाही आलेला."

मी जहाजाचं नाव सांगितलं, क्षेपणास्त्राचंही सांगितलं. पलीकडे कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं.

"कुठे लागलं?"

इंजिनरूमला, मी म्हणालो.