वाचनालयाचा पासवर्ड

माझ्या अक्षराला हसू नका. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. वेलांटी कुठली, पहिली की दुसरी, ते मला तेव्हाही कळत नव्हतं आणि आताही कळत नाही. चुकलं असेल ते माफ करून पुढं वाचावं. तसं कुणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. चारचौघांत बोलायला लाजते, म्हणून लिहिते.

आम्ही दोघं बरीच वर्षं कारखान्याला ऊस तोडायला जायचो. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. हंगामाआधी मुकादम कोयत्याला उचल देतो, म्हणजे आगाऊ पैसे. ती तोड करून फेडायची. मागच्या हंगामात मला कावीळ झाली आणि शेवटी शेवटी मी कोपीत, पाचटाच्या झोपडीत, पडूनच होते. उचल पूर्ण फिटली नाही, आठ हजार अंगावर राहिले. मुकादम म्हणाला, "दिवाळीपतुर पैसे द्या, न्हाईतर तोडीच्या गाडीत बसा."

पोरगी सातवीत गेली होती. आम्ही उसाला गेलो की तिची अर्धी शाळा बुडायची. यंदा नवऱ्याला दुधाच्या टेम्पोवर काम लागलं होतं, अंबाजोगाईच्या फेऱ्या. त्याच्या पगारात घर चालायचं, पण वरचे आठ हजार काही निघत नव्हते. ते मी काढायचे ठरवले.

माझ्याकडं आईनं दिलेलं शिलाई मशीन होतं. परकर शिवायचा, फाटलेलं सांधायचं, एवढंच मला यायचं. ब्लाउज शिवता आलं तर चार पैसे मिळतील असं वाटलं. शेजारीण म्हणाली, मोबाईलवर सगळं शिकवतात. मोबाईल होता, नवऱ्याचा जुना, पण त्यात नेट टाकायला पैसे नव्हते. गावातल्या वाचनालयाच्या दारावर पाटी होती, 'मोफत वायफाय. पासवर्ड ग्रंथपालांकडे मागावा.'

त्यातला 'मागावा' मला जड गेला. पायऱ्यांपर्यंत जाऊन मी कितीदा परत आले. एका दुपारी मन घट्ट करून आत गेले. परीक्षांचा अभ्यास करणारी पोरं-पोरी खाली माना घालून बसलेली. ग्रंथपाल टेबलाशी पुस्तकांना कव्हर घालत होते. मी हळूच म्हणाले, "सर, ते वायफाय..."

त्यांनी मान वर न करता भिंतीकडं बोट केलं. "वाचाल तर वाचाल."

भिंतीवर तेच मोठ्या अक्षरात रंगवलेलं होतं. मी लाजून मेले. मला वाटलं, हे मला बोलले. फुकटच्या नेटसाठी येता, आधी काहीतरी वाचा. आणि ते मला बरोबरही वाटलं. वाचनालयच होतं ते. मी मुकाट्यानं पेपर ओढला आणि बाकावर बसले.

मग मी रोज दुपारी जाऊ लागले. मोबाईल पिशवीतच. आधी ठळक अक्षरं, मग बाजारभाव, मग निधनाच्या बातम्या. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायचे. हळूहळू बोट सुटलं.

एक दिवस ग्रंथपाल स्वतःच आले. "ताई, रोज येता. वायफाय नीट लागतंय ना?"

"अजून लावलं न्हाई सर."

"कावून?"

"वाचून व्हायचंय."

"काय वाचून व्हायचंय?"

"तुमीच म्हणला ना, वाचाल तर वाचाल. म्हणून आधी पेपर वाचायले."

त्यांनी चष्मा काढला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सगळ्या माना वर झाल्या. "अहो ताई, तोच पासवर्ड हाय!"

एक अभ्यासवाली पोरगी म्हणाली, "सर, एवढं तर आमीबी वाचलं न्हाई."

मला पदरात तोंड लपवावं वाटलं. सरांनी माझा मोबाईल घेऊन इंग्रजी अक्षरात सगळं सलग दाबलं आणि परत देताना म्हणाले, "पासवर्ड सगळे टाकतात. पाळला तुमी एकट्यानंच."

वाचनालयात आवाज चालत नाही. मी व्हिडिओ मुकेच बघायचे आणि घरी येऊन कापायचे. पहिलं ब्लाउज शेजारणीचं शिवलं. हुक काही केल्या भेटेनात. ती म्हणाली, "अगं बया, हे माझ्या मापाचं हाय का माझ्या पोरीच्या?" व्हिडिओतली बाई तोंडानं सांगत होती की शिलाईसाठी जादा कापड सोडा. ते मला ऐकूच आलं नव्हतं. मग त्या अभ्यासवाल्या पोरीनं तिचा इअरफोन दिला. सरांनी व्हिडिओ मोबाईलमध्ये उतरवून घ्यायला शिकवलं. घरी मशीनशेजारी मोबाईल टेकवून मी पुन्हा पुन्हा बघायचे.

ब्लाउजं येऊ लागली, पण अर्ध्या बायका उधार ठेवायच्या. दसऱ्याच्या सुमाराला एकजण नवऱ्याचा जुना शर्ट घेऊन आली. "ह्याच्या बाह्या आवळून दे, उसात घालायचाय." उसाचं पान पात्यासारखं कापतं, म्हणून बायका साडीवर गड्याचा शर्ट घालतात. खांदे लोंबतात, मनगट उघडं राहतं आणि पानावरची काट्यासारखी बारीक कूस आत जाऊन अंग खाजतं. कुठं खाजतं ते मला चांगलं ठाऊक होतं. मी वाचनालयात जाऊन बाईच्या मापाच्या शर्टाची कटिंग शोधली. त्यात माझं घातलं. गळा वर घेतला, मनगटाला इलास्टिक लावलं, आतून मिशरीच्या पुडीपुरता खिसा दिला.

ती तो घालून हापशावर गेली आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या दारात बायका आल्या. त्यांच्या हातात नव्या उचलीचे पैसे होते, उधारी कुणी ठेवली नाही. टोमणे मात्र मारायच्या. "आमाला उसात धाडून तू पंख्याखाली बसणार व्हय?" काखेत शर्ट आधी फाटतो, तिथं मी दुहेरी शिलाई मारायचे.

थोडे थोडे करून मी मुकादमाला पैसे पोचवत गेले. गाड्या निघायच्या आदल्या दिवशी राहिलेले घ्यायला तो दारात आला. अंगठा ओला करून त्यानं नोटा मोजल्या आणि दोनशे माझ्यापुढं परत धरले.

"हे ऱ्हाऊ दे. ह्याच्यात आमच्या मंडळीला एक शर्ट शिव. लई नाव काढायल्यात बाया."

इतक्या वर्षांत मी त्याच्यासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. सगळं नवराच बोलायचा. मी जमिनीकडं बघतच म्हणाले, "न्हाई भाऊ. हे उचलीचे हायती. शर्टाचे येगळे घेईन."

त्यानं नवऱ्याकडं बघितलं. नवरा दारात उभ्या टेम्पोच्या टायरकडं बघत होता. मग मुकादमानं ते दोनशेही बाकीच्या नोटांत घातले आणि गड्डी खिशात ठेवली.

"फिटली बाई तुमची उचल," तो म्हणाला. "आता माप कधी घेतीस, सांग."