शाफ्टवरचं अक्षर

आमच्या घरात लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, आली ती दिवाळीनंतरच्या आठवड्यात, टेम्पोतून, सहा माणसांच्या खांद्यावर. मी दारात कमरेवर हात ठेवून उभी. म्हटलं, "अहो, फ्रिज आणायचं ठरलं होतं ना?" हे म्हणाले, "फ्रिज काय कुणीही आणतो." झालं! यांच्यापुढे बोलायची सोय कुठे होती कधी.

विरारला मनवेलपाड्यात आमची बैठी चाळ. शेवटची खोली आमची, म्हणून मागे पत्र्याची शेड टाकता आली. हे मुंबईच्या एका कंपनीत टूलरूममध्ये टर्नर होते. कंपनीने स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी पाठवलं, तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. हाताला काम नाही म्हटल्यावर माणूस घरात नुसता येरझारा घालायचा. म्हणून मग ही लेथ, बंद पडलेल्या एका कारखान्यातून आणलेली, आमच्या दोघांच्याही वयापेक्षा मोठी.

खरं सांगते, मला ती बघूनच शिसारी आली होती. गंज, काळं ग्रीस, आणि वरून लोंबणारा कातड्याचा पट्टा. पण यांनी त्या मशीनला जेवढं न्हाऊमाखू घातलं, तेवढं स्वतःच्या मुलांना कधी घातलं नाही. कातडी पट्टा काढून मोटर बसवली. हत्यार पुढेमागे करायचं चाक अर्धा फेरा रिकामंच फिरायचं, त्याचा नट नवा करून तो खेळ काढला. मग बेड घासायला घेतला. बेड म्हणजे लेथचा पाठकणा, तो सरळ नाही तर काहीच सरळ नाही. सपाट पाटीला निळा रंग लावायचा, ती बेडवर फिरवायची, जिथे निळं लागलं तो उंचवटा. तो पातीने नखभर खरवडायचा, पुन्हा रंग, पुन्हा पाटी. महिनाभर हेच. रंगाची ट्यूब संपली तेव्हा पोरांच्या युनिफॉर्मला लावायची माझी नीळ तेलात कालवून वापरली यांनी. मी जो आरडाओरडा केला तो चाळीच्या पहिल्या खोलीपर्यंत गेला असेल.

जानेवारीत मशीन तयार झाली. यांनी एक सळई कातून दोन्ही टोकांची जाडी मोजली. केसाचासुद्धा फरक नाही. त्या दिवशी शेडमध्ये नारळ फोडला आणि चाळीत खोबरं वाटलं. हे इतके खूश होते की मला म्हणाले, "चहा मी करतो." केलाही. साखर विसरले, पण केला.

आता हे ऐका. आमच्या बाजूला मोठं काम येतं ते अर्नाळ्याच्या बोटींचं. आणि बोटी पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, म्हणून दुरुस्तीची कामं येतात तीही पावसाळ्यातच. त्या वर्षी एक कोळीणमावशी आली. बोट तिच्या घरची, मुलगे समुद्रावर जातात, पण कारभार सगळा तिच्या हातात. बोटीचा पाण्यातला पंखा फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, नवा करून हवा होता. यांनी तो जीव ओतून केला. मशीन सरळच आहे म्हणून जाडी मात्र एकाच टोकाला मोजली. प्रत्येक कामावर हे शेवटी पोलादी पंच ठोकून आपल्या नावाचं पहिलं अक्षर उमटवायचे. टूलरूमची सवय. तसं त्याही शाफ्टच्या टोकाला उमटवलं.

नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात गेली आणि तिसऱ्या दिवशी माघारी आली. मावशी आमच्या दारात उभी. पदर खोचलेला, मागे दोन मुलगे, त्यांच्या खांद्यावर तो शाफ्ट.

"ह्यो शाफ्ट नाय दादा, ह्यो गाजर हाय!" म्हणाली. "एका बाजूला जाडा, दुसऱ्या बाजूला बारीक. बुश जळाला माजा. आनि अक्षर कोनाचा हाय ह्यावर?"

यांनी मोजला. खरंच, एका टोकाला जाड होता. केसभरच, पण शाफ्ट ज्या नळीत फिरतो त्या बुशाला केसही पुरतो. यांचा चेहरा मला बघवेना. तीस वर्षं ज्या माणसाच्या कामावर कुणी बोट ठेवलं नाही, तो दारात मान खाली घालून उभा होता. हे म्हणाले, "मावशी, चूक माझी. नवा करून देतो, आत्ताच."

"आत्ता नको. यंदा जुनाच घालते. पन ज्यानं बिघडवला त्यानंच नीट करायचा. पुढच्या पावसात दुसरा करून दे. तोबी गाजर निघाला तर आमच्या किनाऱ्यावर तुजा नाव कोन घेनार नाय."

ती गेल्यावर यांनी तो पंच चिंधीत गुंडाळून बाकीच्या अक्षरांच्या पंचांबरोबर पत्र्याच्या डब्यात टाकला. म्हणाले, "मशीन सरळ झाल्याशिवाय याला हात लावणार नाही. आणि पुढचा शाफ्टही चुकला तर मशीन भंगारात."

मग सुरू झाला यांचा छळ, स्वतःचा आणि माझा. उरलेल्या पावसाळ्यात बेड पुन्हा घासला, काम धरून फिरवणारं लेथचं मुंडकं सैल करून इकडचं तिकडे सरकवलं. सप्टेंबरात सळई सरळ आली. जानेवारीत सहज तपासली तर पुन्हा गाजर, आणि या वेळी उलटं! जाड होतं ते टोक आता बारीक. हे शेडच्या पायरीवर बसून राहिले. जेवायला हाक मारली तर म्हणाले, "मशीन माझं ऐकत नाही गं." मला रडूच आलं. मशीनचं नव्हे हो, या माणसाचं. मग त्यांनी पुन्हा सगळं उलट सरकवलं आणि मशीन पुन्हा सरळ आली. पण यांचा तिच्यावरचा विश्वास उडाला होता.

जून गेला, जुलै लागला. शाफ्टसाठी मावशीने गज आणून टाकला होता. यांनी आधी सळई कातून बघितली. गाजर. तिकडे हे डोक्याला हात लावून बसलेले आणि इकडे मी मोरीत पाण्याशी झुंजत होते. आमची मोरी शेडच्या भिंतीला लागून. भांडी घासायला बसावं तर पाणी भोकाकडे जायच्या ऐवजी माझ्या पायाशी परत. फडक्याने ओढून ओढून कंबर मोडली. शेवटी माझं डोकं फिरलं. तिथूनच ओरडले, "मशीनचं कौतुक पुरे झालं! आधी ही मोरी बघा! थंडीत शहाण्यासारखं पाणी जातं, पावसाळा आला की माघारी येतं. दोन वर्षं सांगतेय, पण या घरात माझं ऐकतो कोण!"

मग हे दारात आले.

"काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. यांनी मला कधी म्हणून 'पुन्हा म्हण' म्हटलं नव्हतं. मी पुन्हा म्हटलं, जरा हळू आवाजात.

हे लेव्हलची पट्टी घेऊन मोरीत बसले, ओल्यातच. मग धावत शेडमध्ये, पट्टी लेथच्या बेडवर आडवी. सळई पकडणाऱ्या चकच्या बाजूला बुडबुडा मधोमध. मोरीच्या भिंतीकडच्या टोकाला ठेवली तर बुडबुडा पार कडेला.

आमची चाळ उभी आहे भाताच्या खाचरावर भराव टाकून. पाऊस मुरला की खालची माती फुगते, थंडीत पुन्हा बसते. मोरीकडची जमीन वर उचलली जायची, तिच्याबरोबर लेथचा एक पाय, आणि अख्खा बेड पिळवटायचा. फडकं पिळतो तसा, फक्त केसभर. यांनी लेव्हल लावली होती ती मशीन आली तेव्हा, हिवाळ्यात, एकदाच. कंपनीतली जमीन म्हणजे हातभर काँक्रीट. तिथे तीस वर्षं काढलेल्या माणसाला जमीन हलते हे सुचणार कसं? आणि मी तर रोज त्या हलणाऱ्या जमिनीवर भांडी घासत होते.

"मशीनचा काही दोष नव्हता," हे म्हणाले. "मीच दोनदा तिला वाकडी केली."

कामाला लागलो. मी मुद्दाम 'लागलो' म्हणतेय. यांनी पायांचे बोल्ट सैल केले, मी पावडरच्या रिकाम्या डब्याच्या पट्ट्या कापल्या. एकेक पट्टी पायाखाली सरकवून बोल्ट आवळायचे आणि मी बुडबुड्यावर डोळा ठेवायचा. "अजून... अजून थोडं... बास! बास म्हटलं ना!" दोन दिवस लागले. मग सळई कातली. मोजायची वेळ आली तेव्हा यांनी मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. कसा वाचायचा ते दाखवलं आणि म्हणाले, "माझे डोळे मला हवं तेच वाचतील. तू वाच."

मी एक टोक वाचलं. दुसरं वाचलं. पुन्हा पहिलं वाचलं. तोच आकडा. मी सांगितला तेव्हा यांनी डोळे मिटले होते.

शाफ्ट तीन दिवसांत झाला. चौथ्या दिवशी यांनी तो डबा खाली काढला, चिंधी सोडली, पंच शाफ्टच्या टोकावर धरला आणि एकच घाव घातला. त्यांचं अक्षर, नेहमीसारखं, सरळ. मग डब्यातून दुसरा पंच शोधून काढला. माझ्या नावाच्या अक्षराचा. हातोडी माझ्यापुढे धरली.

"आता तुझं."

"अहो, काहीतरीच काय! मला कुठे येतं?"

"मार."

मी मारला. पंच जरा कलला आणि अक्षर तिरकं बसलं. पोलादावर उमटलेलं पुसताही येत नाही. माझा चेहरा पडला, पण हे म्हणाले, "राहू दे."

मावशी आली ती नवा बुश घेऊनच. तिने तो शाफ्टवर चढवला आणि एका बोटाने ढकलत या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. कुठे अडला नाही, कुठे डुगडुगला नाही. परत आणला. मग खाली वाकून टोक बघितलं.

"ह्या टायमाला दोन अक्षरं? ह्यो दुसरा कोनाचा?"

यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिचं. मशीन कुठे पिळते ते हिने शोधलं."

मावशीने मला खालून वर न्याहाळलं. "पन बाय, तुजा अक्षर वाकडा बसलाय."

"वाकडं असू दे, मावशी," मी म्हटलं. "माझं आहे."