दिवेलागणीच्या गोळ्या

लहानपणी मला वाटायचं, दिवेलागणीला सगळ्याच घरांत गोळ्या घेतात. नायगावला आमच्या घरी मावशी देवापुढे दिवा लावायची आणि मग चौघांच्या तळहातांवर एकेक गोळी ठेवायची. तिची कॅल्शियमची, काकांची बीपीची, मावसबहिणीची संत्र्याच्या चवीची आणि माझी पांढरी. बाहेर खाडीवरचा उजेड विझत जायचा. समोरच्या टॉवरच्या खिडक्या उजळल्या की मी मनात म्हणायची, त्यांच्याही गोळ्या झाल्या.

सातवीत असताना मैत्रिणीच्या वाढदिवसाला माणिकपूरला गेले. केक झाला, संध्याकाळची प्रार्थना झाली. आता गोळ्या येतील म्हणून मी हात पुढे करून बसले. कुणीच आणेना, तेव्हा हळूच विचारलं.

"कसल्या गोळ्या गं?" मैत्रिणीची आई हसली. "आम्ही काय आजारी आहोत?"

मावशी न्यायला आली. आम्ही रिक्षात बसलो. मी विचारलं, "मावशी, आपण सगळे आजारी आहोत का?"

बिल्डिंगच्या गेटशी उतरल्यावर ती वर न जाता माझा हात धरून खाडीच्या बाजूला चालत राहिली. पाणी आणि आभाळ एकाच राखाडी रंगाचं झालं होतं. आम्ही त्या रंगातूनच चाललोय असं वाटत होतं.

"तुझ्या गोळ्या मिळतात त्या सेंटरवरच्या ताईंनी शिकवलं होतं कसं सांगायचं ते," ती म्हणाली. "शरीर म्हणजे किल्ला, गोळ्या म्हणजे शिपाई, काय काय. सगळं विसरले बघ." मग सरळच म्हणाली, "तुझ्या रक्तात एचआयव्ही आहे. जन्मापासून. आईकडून आला. तिला तेव्हा ठाऊकही नव्हतं."

हा शब्द मला पुस्तकातून माहीत होता. त्या प्रश्नाला पूर्ण मार्क मिळाले होते. आता तो दुसऱ्याच कुठल्या भाषेतला वाटला.

"मी आईसारखी मरणार?"

"मरशील की. माझ्यासारखी जाडी होऊन, दात पडल्यावर." मग ती थांबून माझ्याकडे वळली. "तिला औषध फार उशिरा मिळालं गं. तुला वेळेवर मिळालंय. रोज घेतेस ना? मग झालं."

आईचा विषय निघाला की घरात कुणीतरी टीव्ही मोठा करायचं. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच विचारलं, "कशी होती ती?"

"भांडकुदळ! रिक्षावाले घाबरायचे तिला."

"मग मी कुणावर गेले?"

"बापावर. घुमा होता नुसता."

मला हसू आलं. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. आम्ही कुठे अडकलो, म्हणून त्यांचा आवाज चढला होता.

"येतो हो," मावशी म्हणाली. "सांगितलं तिला. आता आईबद्दल विचारतेय."

काका म्हणाले, "सावकाश या."